आधी पक्षी ओळख, मग कॅमेरा काढ

पहिले काही दिवस कॅमेरा घरीच राहू दे. ८×४२ची दुर्बीण पुरेशी आहे: ८ पट मोठं दिसतं आणि ४२ मिलिमीटर व्यासाचं पुढचं भिंग सकाळच्या कमी उजेडातही साथ देतं. सूर्योदयानंतरचे दोन तास सोडू नकोस.

पक्ष्याच्या मागे धावू नकोस, एका जागी बस. बागेतल्या तळ्याकाठी खंड्या बसतो ना, त्याची फांदी बहुधा ठरलेली असते. सूर मारण्याआधी तो मान वरखाली हलवतो, पाण्यावर नजर रोखतो. ती हालचाल दिसली की बोट शटरवर ठेव. मासा घेऊन तो पुष्कळदा त्याच फांदीवर परततो, आपटून मारतो आणि डोक्याकडून गिळतो. खरा फोटो तिथेच मिळतो! शटर उघडं राहण्याचा वेळ बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद चालतो, उडत्याला १/२००० तरी हवा. फोकस नेहमी डोळ्यावर.

आणि घरट्याजवळ मुळीच जायचं नाही. आपल्यामुळे मादी उठली की अंडी गार पडतात, कावळ्यालाही जागा कळते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणंही मला अजिबात पटत नाही. तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून चारा सोडून धावत येतो.

वही मात्र रोज ने.