निदान उशिरा झालं, पण दावा टिकेल का?

प्रश्न : मध्यरात्री खांद्यात असह्य कळ येऊन जाग आली. चौथ्या दिवशी ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) नॉर्मल आली, म्हणून डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ (खांद्याचा सांधा आखडणं) ठरवून व्यायाम दिले. दोन आठवड्यांनी दुखणं ओसरलं, पण हात उचलेना. परत गेलो तर तेच व्यायाम चालू ठेवा म्हणाले. पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी ‘पार्सोनेज-टर्नर सिंड्रोम’ (खांद्या-हाताच्या नसांना अचानक येणारी सूज) सांगितला. पहिल्या डॉक्टरांवर दावा करू का?

उत्तर : पाच महिने आपलं कुणी ऐकलं नाही, ही बोच मी समजू शकतो. तरी आधी तुमची बाजू कुठे लंगडी आहे ते सांगतो.

चौथ्या दिवसाच्या तपासणीवर बोट ठेवू नका. नस दुखावल्याच्या खुणा ईएमजीत उमटायला साधारण तीन आठवडे लागतात. शिवाय आजार दुर्मीळ. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. त्या जागी दुसऱ्या सक्षम डॉक्टरांनी काय केलं असतं, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) मान्य केली आहे. फौजदारी तक्रारीला तर घोर निष्काळजीपणा लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

तुमचा खरा मुद्दा दुसऱ्या भेटीत आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो. तुमच्या आजारात दुसऱ्याने उचलला की बहुधा वर जातो, स्वतःला मात्र उचलवत नाही. काही रुग्णांत भिंतीला तळवे टेकून रेटा दिला की फऱ्याचं हाड पाठीवर पंखासारखं उभं राहतं. डॉक्टरांनी त्या दिवशी शर्ट काढायला लावून पाठ पाहिली होती का? ईएमजी पुन्हा का केली नाही?

हे सिद्ध झालं तरी नुकसान दाखवावं लागेल. नस मुळातच महिनोन्‌महिने घेऊन सावरते, त्यामुळे ‘वेळेत कळलं असतं तर हात वाचला असता’ हे तज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय म्हणू नका. वाया गेलेला खर्च आणि बुडालेली मजुरी मागणं जास्त टिकाऊ आहे.

ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. आज लेखी अर्ज देऊन केसपेपर मागा, ते ७२ तासांत देण्याचा नियम आहे. व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नोंदीही मिळवा. दुसऱ्या भेटीच्या कागदावर ‘ताकद कमी’ असे दोन शब्द असतील, तर कमजोरी दिसूनही पुढे तपासलं नाही हे त्यातून दिसेल; तो कागद घेऊन वकिलाकडे जा.