ताईआजीचं आलवण

प्रिय सई,

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाहून आल्यावर, अंगातली शिवलेली नऊवारी न बदलताच तू जुना अल्बम काढून बसलीस आणि ताईआजीच्या फोटोवर बोट ठेवून विचारलंस, "हिला कसली शिक्षा झाली होती?" मी "उद्या सांगते" म्हणाले. फार लागलं गं ते. तुझ्या वयाची असताना ती रोज समोर दिसायची, पण मला हा प्रश्न पडला नव्हता.

ती माझ्या आजोबांची बहीण. नवरा गेला तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. केस काढले आणि पुढचा सगळा जन्म आलवणात, म्हणजे विधवेच्या बिनकाठाच्या लाल लुगड्यात गेला. आमच्यासारख्या ब्राह्मण घरांतली ही रीत. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढणारे कर्वे तर आपल्या दापोलीजवळच्या मुरुडचे. तरी आमच्या घरात काही हललं नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ मला आठवते. कैरी किसायची ताईआजी, डाळ वाटायची ताईआजी, फोडणीही तिचीच. माजघरात बायका पुन्हा मागून खायच्या आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड. वाट्यांची ने-आण मी करायचे. मला ते सणाचंच वाटायचं.

त्याच घरात माझी आजी इरकली लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून रहाट ओढायची, माळ्यावर चढायची, मंगळागौरीला पहाटेपर्यंत फुगड्या घालायची. काष्ट्यात बाईला धावता येतं, वाकता येतं, म्हणून मला नऊवारी आवडते आणि तू नेसावीस असं वाटतं. पण एकीला काठपदर आणि एकीला आलवण, हे नवरा आहे की नाही यावरून ठरलं होतं. हेही तुला माहीत हवं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. म्हणजे तोवर ते चालूच होतं. आलवण गेलं, बाकी बरंच राहिलं.

पुढच्या गणपतीत नऊवारी नको वाटली तर नको नेसूस, मी मागे लागणार नाही. मात्र रविवारी आजीचा फोन आला की ताईआजीबद्दल तिला विचार. सून म्हणून आली तेव्हापासून तिनं तिला जवळून पाहिलंय. माझ्याशी ती फार बोलली नाही, नातीला कदाचित सांगेल.

तुझी,
आई