रस्ता न खोदता केबल टाकतात तेव्हा जमिनीखालचं ड्रिल वळवतात कसं?

बिटचं, म्हणजे ड्रिलच्या टोकाच्या पात्याचं, तोंड एका बाजूने तिरकं कापलेलं असतं, आणि ते न फिरवता नुसतं पुढे रेटलं की ड्रिल त्या उताराच्या दिशेने वळतं. सरळ जायचं असेल तर रॉड फिरवत फिरवत रेटायचा; तिरकेपणा चहूबाजूंना सारखा वाटला जातो आणि वाट सरळ राहते. एवढीच युक्ती आहे. दिशा घड्याळाच्या भाषेत सांगतात: तोंड १२ वर ठेवून रेटलं तर वर, ६ वर खाली, ३ वर उजवीकडे, ९ वर डावीकडे. तोंड कुठे आहे हे कळतं कसं, तर बिटच्या मागेच एक छोटा ट्रान्समीटर बसवलेला असतो. रस्त्यावर हातात लोकेटर घेऊन चालणाऱ्या माणसाला त्यावरून खोली, चढ-उतार आणि घड्याळाचा काटा दिसतो. (खरी कारागिरी त्याचीच, मशीनवाला बराचसा त्याच्या सांगण्यावर चालतो.) लोखंडी रॉडही थोडा वाकतो, पण लांबवर, हळूहळू, काटकोनात वळण विसरा. बेंटोनाइट नावाच्या मातीचा चिखल भोक ढासळू देत नाही, बिट थंड ठेवतो आणि माती बाहेर आणतो.

मात्र हे माती, मुरूम, चिकणमाती यांतच चालतं. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट लागला की तिरकं पातं नुसतं घासत बसतं. तिथे चिखलाच्या दाबावर फिरणारी मड मोटर लावतात. तिच्या अंगालाच किंचित बाक दिलेला असतो, त्यामुळे रॉड न फिरवताही बिट खडक कापत वळतं.