कागदावर आवाज उतरत नाही

चि. यास अनेक आशीर्वाद,

नाटकातला प्रवेश सेन्सॉरने कापल्यावरून तू टाकलेली पोस्ट काल रात्री मला आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर दिसली. कुणीतरी स्क्रीनशॉट टाकला होता: "बरोबर आहे, बंदीच घाला. थिएटरंच जाळून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला." खाली तिघांनी विचारलं होतं, हा मुलगा कोण? मी तुला ओळखतो, म्हणून मला कळलं की तू चिडून उलटं बोलला आहेस. त्यांनी कशावरून ओळखावं?

मागे एका संहितेच्या वाचनाला एका नव्या पोराने "वा, फारच न्यायी आहात आपण!" हे वाक्य सपाट वाचलं. ऐकणाऱ्यांना ती स्तुती वाटली. मग दिग्दर्शकाने तेच म्हणून दाखवलं, 'फारच'वर जरा रेंगाळून, आणि सगळी खोली हसली. उपरोध त्या रेंगाळण्यात होता. मोबाइलवर ते टाइप करता येत नाही. इमोजीनेही भागत नाही.

सेन्सॉरशिपच्या वादात ही चूक फार महागात पडते. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यांच्यावर लावलेलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला आहे. पहिल्या दोन्ही गोष्टी कितीही झोंबल्या तरी चालतात. सरकारला हात घालता येतो तो चिथावणीपाशी. आता मागचंपुढचं कापून "जाळून टाका" एवढंच वाच. बंदी मागणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत दिलंस रे.

गप्प बस असं मी मुळीच म्हणत नाही. कवितांची पुस्तिका छापली म्हणून १९०९ साली याच नाशकात बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शब्दांची एवढी किंमत मोजलेल्या गावातला तू. कुठला प्रवेश कापला, कारण काय दिलं, तुला ते का पटत नाही, हे सरळ लिही, स्वतःच्या नावाने लिही.

पोस्ट गुपचूप उडवू नकोस, स्क्रीनशॉट फिरतोच आहे. तिच्याखालीच तुझं खरं म्हणणं मांड. ग्रुपवर मी तुझ्या बाजूने बोललोय, पण तुझे शब्द हवेत.

रविवारी कालिदास नाट्यगृहात प्रयोग आहे. आधी तालमीला ये. ते 'फारच'चं वाक्य एकदा तू म्हणून बघ.

तुझा,
काका