पीएस ५ प्रो आणि फोर-के टीव्हीसाठी कर्ज काढावं का?

नमस्कार,

पीएस ४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल, आता जुना वाटतो, म्हणून परदेशातून आणलेला पीएस ५ प्रो आणि ५५ इंची फोर-के टीव्ही अशी १,७५,००० रुपयांची खरेदी तुमच्या मनात आहे. त्यासाठी १६ टक्के व्याजाने दोन वर्षांचं पर्सनल लोन मिळतंय. हातात पगार ५८,०००, भाड्यासह घरखर्च ४१,०००, एसआयपी ५,००० आणि बँकेत शिल्लक ७०,०००. तुम्ही विचारलंय, रेझोल्यूशन आणि फ्रेम रेटने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो. पण दोन्हींचा सारखा पडत नाही, आणि त्यांची किंमतही सारखी नाही.

आधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात. ३० फ्रेमवर एक चित्र पडद्यावर ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर जेमतेम १७. बटण दाबल्यावर तलवार लवकर फिरते, कॅमेरा वळवताना चित्र फरफटत नाही. हे हातांना लगेच जाणवतं. प्रो जाहीर करताना, सप्टेंबर २०२४ मध्ये, या कन्सोलची रचना करणाऱ्या सोनीच्या मार्क सर्नी यांनीच सांगितलं की निवड करायची वेळ आली की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळणारे परफॉर्मन्स मोड घेतात, म्हणजे थोडी स्पष्टता सोडून ६० फ्रेम. तुम्ही ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ पीएस ४ वर ३० फ्रेमने खेळताय. तीच डिस्क साध्या पीएस ५ मध्ये घातली की ६० पर्यंत चालते. त्यासाठी नवा टीव्ही लागत नाही. तुमचा ४३ इंची फुल एचडी टीव्ही ६० फ्रेम व्यवस्थित दाखवतो. (फुटबॉलचे गेम मात्र पीएस ४ वरही ६० नेच चालतात. तेवढेच खेळत असाल तर घाई अजिबात नको.)

आता रेझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं (पिक्सेलचं) बनतं. फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल, फोर-केमध्ये ८३ लाख, म्हणजे चौपट. ऐकायला मोठं वाटतं, पण ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्यांनाही तो साडेपाच-सहा फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. ५५ इंचांवर ही मर्यादा सात फुटांच्या आसपास जाते. तुमचा सोफा आठ फुटांवर आहे. चांगल्या टीव्हीवर एचडीआरचे (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं तंत्र) रंग खुलतात आणि तो फरक लांबूनही कळतो, हे मान्य. पण ज्या पिक्सेलसाठी तुम्ही कर्ज काढताय, ते बसल्या जागेवरून तुम्हाला फारसे दिसणारच नाहीत. प्रोची खरी कमाई म्हणजे ६० फ्रेम राखून जास्त स्पष्टता. फुल एचडी टीव्हीवर त्यातलं बरंचसं वाया जातं, म्हणून त्याच्या पाठोपाठ टीव्हीचाही खर्च येतो.

आणखी दोन गोष्टी. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो बाजारात आला तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्री झाली नाही. बाहेरून आलेल्या मालाला इथली वॉरंटी कोण देणार, हे विक्रेत्याकडून लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शिवाय प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. एकेक नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो तेव्हा जुनी डिस्क विकून दुसरी घेता येणं ही वर्षभरात चांगलीच बचत आहे. म्हणून स्वस्तातल्या, डिस्क ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल आवृत्तीपेक्षा मी डिस्कवाला पीएस ५ सुचवेन.

कर्जाचा हप्ता ८,५६९ रुपये. दोन वर्षांत व्याजच साधारण ३०,६०० जाईल. सध्या महिन्याला उरणाऱ्या १२,००० मधले जेमतेम ३,४०० हातात राहतील, आणि म्हणूनच तुम्ही एसआयपी थांबवायचा विचार करताय. मला खरी काळजी याची वाटते. तुमची शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चाइतकीही नाही. नोकरी गेली किंवा घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तरी हप्ता थांबत नाही.

त्याऐवजी असं करा. एसआयपीला हात लावू नका. उरणाऱ्या १२,००० पैकी ७,००० आवर्ती ठेवीत टाका, ५,००० शिल्लकीत. आठ महिन्यांत कन्सोलसाठी ५६,००० जमतील आणि शिल्लक १,१०,००० होईल. पीएस ४ विकून आलेले पैसे पहिल्या गेमला. बोनस मिळाला तर तो शिल्लकीत, कन्सोलमध्ये नाही. तोवर भाव उतरेलच असं मात्र धरू नका: डिस्कवाला पीएस ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. दुकानातली आजची किंमत विचारून घ्या. जास्त असेल तर एखादा महिना वाढवा. सणाच्या सवलतीत कमीत मिळाला तर उरलेली रक्कमही शिल्लकीत टाका.

‘नो कॉस्ट ईएमआय’ दिसली तर आधी रोख किंमत विचारा. बहुतेकदा रोखीची सूट त्यात जाते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो.

टीव्ही बिघडेल तेव्हा बदला. तेव्हा १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा पडदा) आणि एचडीएमआय २.१ (तेवढी चित्रं कन्सोलकडून घेणारी जोडणी) आहे ना, एवढं दुकानदाराकडून बघून घ्या.