कपाटाची किल्ली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मायना लिहिला आणि हसू आलं. तू विचारतेस, 'आपल्यामागे काय उरतं?' आणि आपली भाषा पहिल्याच शब्दात तुला अमर करून मोकळी होते!

तुझे सर गेले त्या रात्री तू हे लिहिलंस, म्हणून मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही. अशा रात्री माणसाला उत्तर नको असतं.

मी 31 वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काढली, हे तुला ठाऊक आहे. तिथे अधूनमधून फोन यायचा, 'बाबांची पुस्तकं आहेत, घेता का? फ्लॅट रिकामा करायचाय.' मी टेम्पो घेऊन जायचो. एका माणसाने जन्मभर जमवलेलं दुपारभरात पोत्यांत भरायचं. निम्मी पुस्तकं आमच्याकडे आधीच असायची, काहींना कसर लागलेली, काहींना वाळवी. ती निर्लेखनाच्या यादीत, आणि तिथून रद्दीत. एक काचेचं कपाटही होतं. वर पांढऱ्या रंगात ठळक 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. किल्ली हरवलेली, मी नोकरीला लागलो तेव्हाही हरवलेलीच होती. आतलं एकही पुस्तक कुणी वाचलं नाही. नाव मात्र दर दसऱ्याला आम्ही पुसून लख्ख करायचो.

आणि आमचा बाइंडर. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की कीड लागत नाही, हे त्याने मला शिकवलं. जुजबंदीत, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवून पुस्तक बांधताना, दोरा कुठे ओढायचा आणि कुठे सैल सोडायचा, हेही. त्याने बांधलेली पुस्तकं अजून लोकांच्या घरी जातात-येतात, एकावरही त्याचं नाव नाही. सुट्टीत तू येऊन बसायचीस तेव्हा तेच मी तुला दाखवलं. परवा तू फोटो पाठवलास, ऑफिसातल्या मैत्रिणीला वही शिवायला शिकवतानाचा. दोरा ओढताना तुझा अंगठा बरोब्बर त्याच्यासारखा वाकला होता. (त्याला मजुरी फार कमी मिळायची. निनावी राहण्याचं कौतुक करताना मी हे सोयीस्कर विसरतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.)

पुण्यात बाजीराव रोडजवळचं केळकर संग्रहालय तू पाहिलंस की नाही? नसशील तर जा. दिनकर केळकर कविता करायचे, तेही 'अज्ञातवासी' या नावाने. साधारण 1920 पासून ते वस्तू जमवत राहिले. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, दाराच्या चौकटी. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा स्वयंपाकघरात आणि माजघरात वापरलेल्या चिजा जास्त. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. 1975 साली सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. मी तिथल्या अडकित्त्यांपुढेच जास्त वेळ थांबतो. कुणा कारागिराने सुपारी फोडायच्या हत्याराला मोर काढला, घोडा काढला. त्याला काय ठाऊक, हे काचेआड जाणार आहे? त्याला ते गिऱ्हाइकाच्या हातात नीट बसायला हवं होतं, एवढंच.

इतिहासाचार्य राजवाड्यांचंही तेच. 1898 साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे बावीस खंड झाले. ती पत्रं लिहिणाऱ्यांपुढे त्या दिवसाची निकड होती, आपण नव्हतो. पण पत्रात तिथी होती, कुणी कुणाला लिहिलं ते होतं, आणि घरच्यांनी दप्तरं रुमालात बांधून ठेवली होती. म्हणून दीडशे वर्षांनी त्यांचा उपयोग झाला. ज्या घरांत रुमाल सुटला, तिथलं वाळवीने नेलं.

तू लिहितेस, 'मला काहीतरी माझं मागे ठेवायचंय.' ठेव की! पण त्यातलं काय टिकेल हे तू ठरवणार नाहीस. ते पुढचे लोक ठरवतील आणि त्यांचा निवाडा तुला विचित्र वाटेल. तुझ्या हातात आहे ते किल्ली सांभाळण्याचं काम. जे करशील ते दुसऱ्याला उघडता येईल, वापरता येईल, मोडलं तर दुरुस्त करता येईल, असं ठेव. तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची नावं 'फायनल', 'फायनल दोन', 'एकदम फायनल' अशी असतात. मी पाहिलीत. तुझ्यानंतर त्या खुर्चीवर बसणारीने काय समजायचं?

मृत्युपत्राविषयी विचारलंस, ते वेगळं. तिशीतही करावं, त्यात अशुभ काही नाही. दोन साक्षीदारांसमोर सही कर, त्यांच्याही सह्या घे. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वाटणी झाली, असं समजू नकोस. बाकी वकिलाला विचार, मला नको.

आता एक काम सांगतो. तुझ्या आजीकडे ट्रंकेत फोटो आहेत, मागे एकदा तू मला दाखवले होतेस. नऊवारीतल्या पाच बायका एका ओसरीवर उभ्या आहेत, आणि त्यातली एकच कोण हे तुला सांगता आलं. बाकीच्या चौघी आजीच्या डोक्यात आहेत, आणि आजी ब्याऐंशीची आहे. या दिवाळीला फराळ झाल्यावर तिच्याशेजारी बस. तिला घाई करू नकोस, ती आधी भांडणं सांगेल, मग नावं. फोटोच्या मागे लिहायला मऊ पेन्सिल घे, तीही कडेला आणि हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला, थेट चेहऱ्यांवर उमटतो.

तुझा,
काका