बॉलकॉकवरचं ‘एलपी’ म्हणजे लार्ज नव्हे

प्रश्न: काका, नमस्कार. खानापुरात आम्ही जुन्या कौलारू घरामागं स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. घर उतारावर आहे, त्यामुळं रात्री पाणी सुटलं की मोटर न लावता गच्चीवरच्या टाकीत चढतं. प्लंबरनं दोन पितळी बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारे नळ, आणले. एकावर एचपी, दुसऱ्यावर एलपी असं उठवलेलं. ‘एलपी म्हणजे लार्ज, मोठ्या टाकीला,’ म्हणून तो गच्चीवर बसवला आणि एचपी संडासच्या फ्लश टाकीला. आता गच्चीवरची टाकी रात्रभर वाहते, भिंतीला शेवाळ धरलंय. फ्लश टाकी मात्र भरता भरत नाही, पाहुणे आले की पंचाईत. प्लंबर म्हणतो, कंपनीचा मालच बाद. आता प्लास्टिकचा घ्यावा का? — एक गृहिणी, खानापूर

उत्तर: ताई, काही घेऊ नका. आधी दोन्हींची अदलाबदल करा.

एचपी म्हणजे हाय प्रेशर, एलपी म्हणजे लो प्रेशर. लार्ज त्यानं कुठून काढलं देव जाणे. मी बेळगावात खडेबाजारात बेचाळीस वर्षं हार्डवेअरच्या गल्ल्यावर बसलो. एलपी म्हणजे लाँग प्ले, रेकॉर्डसारखं, असं सांगणारा एक भेटला होता. लार्जवाला हा पहिलाच.

फरक असतो आतल्या भोकात. दोन्ही बॉलकॉक अर्ध्या इंचीच, बाहेरून जुळे भाऊ. पण पाणी जिथून आत येतं ते भोक एचपीत ज्वारीच्या दाण्याएवढं, एलपीत हरभऱ्याएवढं. ते भोक बंद करायला ताकद कुठली? पाण्यावर तरंगणाऱ्या बॉलची, दांड्याच्या तरफेनं वाढलेली, बस्स. भोकाचा व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट जोरानं वॉशर ढकलतं. तुमच्या उतारावरची लाईन रात्री जोरात असते, तिच्यापुढं एलपीचा बॉल हरतो आणि टाकी वाहते. उलट फ्लश टाकीला पाणी येतं ते गच्चीवरच्या टाकीतून, फार तर आठ-दहा फुटांवरून. दहा फूट उंचीचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. एवढ्याशा जोरावर ज्वारीएवढ्या भोकातून पाणी येणार कसं? ठिबकतच येणार. माल दोन्ही ठिकाणी आपलं काम चोख करतोय, जागा तेवढ्या चुकल्यात.

तरी पुढं कधी नवा घ्यायची वेळ आली तर चकाकी बघू नका, शिक्का बघा. पितळी आडव्या बॉलकॉकचं मानक आयएस १७०३, प्लास्टिकच्या डायफ्रॅमवाल्याचं (आत पिस्टनऐवजी रबरी पडदा असतो तो) आयएस १३०४९. बॉल प्लास्टिकचा असेल तर त्याला वेगळं, आयएस ९७६२. आयएसआयच्या चिन्हावर हा आकडा असतो आणि खाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक. नुसतं चिन्ह कुणीही उठवतो. तो क्रमांक मोबाईलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घाला. कंपनी कोण, परवाना चालू आहे का आणि कुठल्या मालाचा आहे, सगळं दिसतं. पाईपच्या परवान्याचा क्रमांक बॉलकॉकवर मारलेला मी डोळ्यांनी बघितलाय. दुकानदार कानडी असो की मराठी, क्रमांक तपासू का म्हटलं की खऱ्या मालाचा हसतो, खोट्याच्या कपाळाला आठ्या पडतात. (बाकी सीमाभागात ज्यावर कुणाचं भांडण नाही असा हा शब्द आहे. बॉलकॉक इकडंही बॉलकॉक, तिकडंही बॉलकॉक.)

पितळ की प्लास्टिक? बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर मी प्लास्टिकचा डायफ्रॅमवाला घेईन. पितळीत आतला पिस्टन सरकावा लागतो, त्यावर पांढरा थर बसला की तो अडकतो. पितळीच आवडत असेल तर अधूनमधून पिस्टन काढून लिंबाच्या पाण्यात भिजत टाका. संडास धुवायचं अ‍ॅसिड फ्लश टाकीत ओतणारे महाभाग आहेत, तसलं करू नका, रबर फुगतं.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. दांड्याला लावा. चिकटलं तर दांडा लोखंडाचा, वर नुसता मुलामा, गंजणार. मी हे माझ्याच घरी शिकलो. थोरलीच्या साखरपुड्याला घर रंगवलं, गच्चीवर नवा बॉलकॉक चढवला, विक्रेत्यानं सोन्यासारखा चमकता दिला आणि मी, स्वतः हार्डवेअरवाला, भुललो. दुसऱ्या पावसाळ्यात दांडा मळसूत्राशी तुटला, बॉल टाकीत पोहत राहिला आणि सकाळी माजघराच्या छताला पोळीएवढा ओला डाग. तो डाग अजून आहे. रंगाखालून वर येतो. आमची ही आल्यागेल्याला बोट करून दाखवते.

आणखी एक, अदलाबदल करताना बघून घ्या. आवाज नको म्हणून बॉलकॉकच्या तोंडाला नळी लावून ती पाण्यात सोडतात. गच्चीवरच्या पिण्याच्या टाकीत ती असेल तर काढून टाका. टाकी भरत असताना पाणी गेलं आणि गल्लीतल्या खालच्या घरानं नळ सोडला, तर तुमच्या टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं लाईनीत ओढलं जातं. आपल्याकडं पाणी दिवसाआड येतं-जातं, म्हणून हे जास्त जपायचं. बॉलकॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या पाईपच्या वरच हवं.

प्रश्न: फ्लश टाकीतून रात्रभर झुळझुळ आवाज येतो. बॉलकॉक बदलला, फरक नाही. — एक शिक्षक, निपाणी

उत्तर: सर, बदलायच्या आधी विचारायचं होतं की. झाकण काढा. पाणी मधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडावरून आत पडत असेल तर दोष बॉलकॉकचा. दांड्याचा असेल तर बॉलकडची बाजू थोडी खाली वाकवा, प्लास्टिकचा असेल तर स्क्रू फिरवून पातळी टाकीतल्या खुणेवर आणा. पाणी नळीच्या खालीच असेल आणि तरी आवाज येत असेल, तर तळाचं रबर गेलंय. तुमचं तेच दिसतं. खात्री करायला जिलेबीचा रंग चिमूटभर टाकीत टाका, अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात केशरी पाणी उतरलं की रबर बदला.

आणि ‘बारीकच आहे’ म्हणून सोडू नका. पाव लिटरचा पेला पाच मिनिटांत भरेल एवढी गळती असली तर तासाला तीन लिटर, दिवसाला बहात्तर. म्हणजे मोठ्या सहा घागरी. रबर काढल्यावर जुनंच खिशात घालून दुकानात न्या, मापाचं मापाला मिळतं. नुसतं ‘फ्लशचं रबर द्या’ म्हटलात तर तीन फेऱ्या होतील.